किती लिहू, साहेब?

नवा फ्लॅट घेतला की बिल्डर किल्ल्यांबरोबर एक फाइल देतो. तिच्यात करारनामा असतो, पार्किंगचा नकाशा असतो, नळांचं वॉरंटी कार्ड असतं आणि या सगळ्यांच्या मागे, पिनेनं कोपरा फाटलेला, विजेच्या कामाचा टेस्ट रिपोर्ट असतो. करारनामा माणूस वकिलाला दाखवतो. पार्किंगचा नकाशा शेजाऱ्याला दाखवतो, तोही आवाज चढवून. नळाचं वॉरंटी कार्डसुद्धा देवघराच्या खणात जपून ठेवतो. टेस्ट रिपोर्ट मात्र कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो वाचायचा असतो हीच गोष्ट गृहप्रवेशाच्या गडबडीत कुणी सांगत नाही.

मी तो वाचतो. विद्युत ठेकेदाराच्या कचेरीत फायली तपासण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला हा नाद लागतोच. दुसऱ्याच्या नव्या घरी गेल्यावर लोक फरशी बघतात, पडदे बघतात, किचनचा ओटा किती फुटांचा ते विचारतात. मी दारामागची विजेची पेटी, म्हणजे डीबी, उघडतो आणि विचारतो, ‘‘टेस्ट रिपोर्ट कुठाय?’’ यामुळेच आमच्या हिला मला वास्तुशांतीला न्यायचं जिवावर येतं.

हा कागद असतो मात्र फार देखणा. थ्री फेजचं कनेक्शन असेल तर आर फेज ते अर्थ, 200 मेगओहम. वाय फेज ते अर्थ, 200. बी फेज, 200. न्यूट्रल, 200. अर्थिंगचं रीडिंग 0.9 ओहम. आता, तारा वेगळ्या. त्या वेगवेगळ्या भिंतींतून गेलेल्या. एक वळणावर पाइपात चेपलेली, एक ओल्या गिलाव्यात भिजलेली, एक ओढताना मधेच तुटली म्हणून गुपचूप जोडलेली. आणि तरी सगळ्यांचं माप शेवटच्या शून्यापर्यंत सारखं. अशी पत्रिका लग्नाच्या बाजारात आली, तर मुलीचा बाप म्हणेल, ‘‘छत्तीसच्या छत्तीस गुण? थांबा, आधी मुलगा बघू.’’ विजेच्या कामात मुलगा बघायचा राहून जातो. ऐन श्रावणात गिलावा झालेल्या कोकणातल्या बंगल्याचंही रीडिंग 200 असतं आणि मे महिन्यात मराठवाड्यात पूर्ण झालेल्या शाळेचंही 200. हवामानखात्याचा या आकड्यावर काही अंमल नाही.

खरं तर चाचणी सोपी आहे आणि जुनी आहे. मेगर हे या चाचणीच्या यंत्राचं एका इंग्रज कंपनीनं 1903 मध्ये नोंदवलेलं नाव. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं यंत्र असलं तरी तो मेगरच आणि तो मारतात. मेन बंद करायचं, दिवे काढून घ्यायचे, फ्रिज-टीव्ही सुटे करायचे, बटणं चालू ठेवायची आणि तारेवर 500 व्होल्ट डीसी मिनिटभर सोडायचे. तारेच्या अंगावरच्या प्लास्टिकमधून वीज कुठे गळते का, एवढंच बघायचं. नियमाला किमान 1 मेगओहम पुरतो. नव्या कोरड्या कामात शेकड्यांनीसुद्धा मिळतो. हातानं फिरवायचा जुना मेगर असेल तर साधारण मिनिटाला 160 फेरे या वेगानं तो मिनिटभर एकसारखा फिरवावा लागतो. त्या मिनिटात बोलता येत नाही, तंबाखू मळता येत नाही, फोन घेता येत नाही. या चाचणीतला अवघड भाग तो एवढाच.

मेगरची एक गंमत आहे. तो कशालाच न जोडता नुसता फिरवला तरी काटा ‘अनंत’ दाखवतो. म्हणजे काटा अनंतावर गेला, तर एक तर वायरिंग अव्वल आहे किंवा चिमटा तारेला लावायचा राहिला आहे. या दोन्हींतला फरक ज्याला कळतो तो वायरमन. ज्याला कळत नाही तो ‘अनंत’ लिहून सही करतो. आणि ज्याच्याकडे मेगरच नाही, तो 200 लिहितो.

मेगर नसतो, हे वाक्य सहज लिहिलं असलं तरी साइटवरची सगळी कागदपत्रं याच पायावर उभी आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमारास काम आटोपलेलं असतं. वायरमनचं डोकं लोकलच्या वेळेकडे आणि फॉर्म त्याच्या गुडघ्यावर.

‘‘किती लिहू, साहेब?’’

‘‘मेगर काय सांगतो ते लिही.’’

‘‘मेगर दुसऱ्या साइटवर गेलाय. सोमवारी येणार.’’

‘‘मग सोमवारी मार.’’

‘‘साहेब, फाइल तर उद्या द्यायचीय ना?’’

यावर साहेब काही वेळ आकाशाकडे बघतात. आकाशात काही लिहिलेलं नसतं. मग साहेब म्हणतात, ‘‘मागच्या मजल्याला किती होतं?’’ मागच्या मजल्यालाही हेच संभाषण झालेलं असतं, आणि त्याच्या मागच्या मजल्यालाही. अशा रीतीनं एखादा 200 वीस मजले चढून जातो. त्याचा मूळपुरुष कोण, हे कुणालाच सांगता येत नाही.

फॉर्म इंग्रजीत असतो. वायरमन मराठी वाचतो, हिंदी वाचतो, तारेच्या रंगावरून कुणी काम केलंय तेही वाचतो, पण ‘मेथड स्टेटमेंट’ आणि ‘इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन’ त्यानं कुठे वाचायचं? त्याला रकाने जागेवरून पाठ असतात. तिसऱ्या रकान्यात 200, पाचव्यात ओके, शेवटच्यात सही. एकदा एका मोठ्या कंत्राटात फॉर्मची नवी आवृत्ती आली आणि मधे एक रकाना वाढला. पुढचा महिनाभर ‘कामाचे ठिकाण’ या रकान्यात 200 आणि ‘केबलची लांबी’ या रकान्यात ओके असं येत होतं. ही फाइल ठेकेदाराकडून सल्लागाराकडे, सल्लागाराकडून मालकाच्या प्रतिनिधीकडे गेली. प्रत्येक टेबलावर तिच्यावर ‘तपासले’ असा शिक्का बसला.

मोठ्या साइटवर कागदांना तोटा नाही. सकाळी ‘टूल बॉक्स टॉक’चं रजिस्टर. म्हणजे कामाआधी सर्वांना उभं करून आजच्या कामातले धोके सांगायचे आणि सह्या घ्यायच्या. धोके सांगायला दोन मिनिटं, सह्यांना वीस. शेवटी फोटो. फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतात आणि ते इतके सरळ बसवलेले असतात की फोटोनंतर निघणार याची खात्री पटते. मग धोक्यांचा तक्ता. उंचीवरून पडणे, शॉक लागणे, केबल पायात अडकणे. धोक्यांपुढे उपाय आणि उपायांपुढे बरोबरच्या खुणा. या खुणांचं मी बारकाईनं निरीक्षण केलं आहे. पहिल्या तीन खुणा ठळक, टोकदार आणि प्रामाणिक असतात. चौथी जरा आडवी होते. सहाव्यापासून एक उभी रेघ सुरू होते, ती पानाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे तिला बाण फुटतो. या एका रेघेखाली अग्निशामक, हातमोजे, शिडीचे रबर आणि प्रथमोपचार पेटी अशा चार-पाच गोष्टी एकदम तपासल्या जातात.

परमिटचंही तेच. चालू पॅनेलवर काम करायचं तर आधी वीज बंद केल्याची नोंद करायची, कुलूप लावायचं, ‘माणूस काम करत आहे, स्विच लावू नये’ ही पाटी टांगायची, आणि काम संपलं की माणसं मोजून परमिट परत करायचं. वीजवाहिनीवरचे लाइनमन यालाच लाइन क्लिअर म्हणतात आणि त्यांच्यातला शहाणा माणूस परमिटवाचून खांबाला हात लावत नाही. या कागदाची थट्टा मी करणार नाही, कारण यात दोन सह्यांच्या मधे एक जिवंत माणूस असतो. थट्टा करायचीच तर ‘काम सुरू 10.00’ आणि ‘काम समाप्त 5.30’ या दोन नोंदी एकाच पेनानं, एकाच दमात, दुपारी साडेबाराला लिहिणाऱ्या माणसाची करावी. काम समाप्त झालं हे त्याला साडेबारालाच कसं कळलं, असं एकदा मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘अनुभव.’’

शिक्क्यांचं वेगळंच प्रकरण. महाराष्ट्रात वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं करायचं असतं. वायरमनला परवाना हवा, सुपरवायझरला दाखला हवा. ही व्यवस्था चांगली आहे. फक्त शिक्का माणसापेक्षा जास्त फिरतो. एकाच तारखेला एकाच सुपरवायझरनं दोन जिल्ह्यांतली कामं स्वतः हजर राहून तपासल्याचे कागद मी पाहिले आहेत. मधल्या वेळात त्यानं जेवणही केलं असेल.

आता अर्थिंग. जमिनीत खड्डा, त्यात तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची प्लेट नाहीतर पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन ओली असली की रीडिंग छान येतं, कोरडी झाली की बिघडतं. म्हणून तर वीजपुरवठा करणाऱ्यांच्या अर्थिंगबद्दल 1956 च्या जुन्या नियमांत लिहून ठेवलं होतं की चाचणी कोरड्या हंगामात, कोरड्या दिवशी, किमान दोन वर्षांतून एकदा घ्यावी. परीक्षा अवघड ऋतूत घ्यावी, असा त्यामागचा विचार. आमच्याकडे विचार उलटा चालतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीचा माळी पाइप घेऊन येतो. वर्षभर ज्या खड्ड्याचं झाकण कुणी उघडलेलं नसतं, त्यात अर्धी टाकी रिकामी होते. झाकणावर तुळशीची कुंडी असेल तर तिलाही त्या दिवशी पाणी मिळतं.

मोजणी नीट करायची तर मुख्य इलेक्ट्रोडपासून दूर जमिनीत आणखी दोन खिळे ठोकावे लागतात. शहरात ठोकणार कुठे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक. खिळा आणि हातोडा बघताच सेक्रेटरी गॅलरीतून ओरडतात, ‘‘अहो, मागच्याच महिन्यात बसवलेत ते!’’ झालं. खिळे पिशवीत जातात आणि 0.9 कागदावर येतो. 0.9 का, 1.4 का नाही? कारण 1 पेक्षा कमी लिहिलं की कुणी काही विचारत नाही, आणि 0.5 लिहिलं तर संशय येतो.

पंधरा मीटरपेक्षा उंच इमारत असली की विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. ते यायच्या दिवशी मीटर रूमला सणाचं रूप येतं. एरवी तिथे सायकली, जुन्या गाद्या आणि गेल्या वर्षीचा आकाशकंदील असतो. त्या दिवशी पॅनेलसमोर रबरी चटई येते, लाल बादल्यांत वाळू येते, भिंतीवर कवटी आणि दोन हाडांची ‘धोका’ पाटी येते. आणि येतो तो काचेच्या चौकटीतला शॉक लागल्यावरच्या उपचारांचा तक्ता.

या तक्त्यावर माझा फार जीव आहे. तो इंग्रजी किंवा हिंदीत आणि स्थानिक भाषेत लावावा, असं जुना नियम सांगत होता, त्यामुळे सरकारी विद्युत मराठीचा आस्वाद घ्यायचा तर मीटर रूममध्येच जावं. चित्रांत दोन माणसं असतात. एकाला शॉक लागलेला आहे, दुसरा त्याच्या पाठीवर हात दाबून श्वास चालू करतो आहे. दोघांचेही चेहरे सारखेच शांत. पालथं घालून पाठ दाबायची ती पद्धत केव्हाच मागे पडली. आता छातीवर दाब देऊन सीपीआर शिकवतात. पण जुन्या चौकटीतले दोघे अजून तेच करत बसले आहेत. शिवाय तक्ता लावायची जागा ठरलेली. पॅनेलच्या बरोबर वर, छताला लागून. अक्षरं वाचायची तर स्टूल घेऊन चालू पॅनेलवर ओणवं व्हावं लागतं. तक्ता वाचणाऱ्यालाच त्याचा उपयोग व्हावा, अशी ही योजना असावी.

घराघरांत सुरक्षेची अलिखित कागदपत्रं वेगळीच असतात. ‘गिझर बंद करूनच आंघोळीला बसायचं.’ ‘वॉशिंग मशीनला चप्पल घालूनच हात लावायचा.’ ‘त्या फ्रिजला पाठीमागून शिवू नको, तो झिणझिण्या देतो.’ ही नियमावली सासूकडून सुनेकडे येते. तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थची तार मागे गुंडाळून ठेवलेली आहे, कशालाच जोडलेली नाही, हे शोधून काढण्यापेक्षा चप्पल घालणं सोपं. काही घरांत एलईडी दिवा बंद केल्यावरही रात्रभर मंद तेवत राहतो. पुष्कळदा तिथे बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये घातलेलं असतं. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत वीज हजर. मी एका घरी हे सांगितलं तर यजमान म्हणाले, ‘‘अहो, गुरुजींनी त्याला वास्तुदोष सांगितलाय. शांत करून घेतली.’’ टेस्ट रिपोर्टमध्ये ‘पोलॅरिटी’ समोर, म्हणजे बटण फेजवरच आहे याच्यापुढे, ओके होतंच.

आता एका वेगळ्या वायरमनबद्दल. वय झालेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं मोजकं. एका इमारतीच्या फायलीत सगळीकडे 200 असताना त्याच्या हातच्या पानावर कुठे 85, कुठे 140, कुठे 62, आणि एका फ्लॅटच्या किचन सर्किटपुढे 0.3. कचेरीत हाहाकार. तोवर फायलीत टिंबाच्या उजवीकडे काही असायचं ते फक्त अर्थिंगच्या रकान्यात. इंजिनिअर म्हणाले, चुकून पडलं असेल. ठेकेदार म्हणाले, टिंब खोडा, तीन होतील, तीन चालतात. शेवटी त्यालाच बोलावलं.

‘‘काका, हे टिंब कसलं?’’

‘‘मी नाही टाकलं साहेब, सुतारानं टाकलंय.’’

जाऊन बघितलं. ओट्यावरचं कपाट बसवताना सुतारानं मारलेला स्क्रू भिंतीतल्या पाइपात शिरून तारेच्या कातडीला लागला होता. दिवा लागत होता, मिक्सर फिरत होता, सगळं छान चाललं होतं. एखाद्या पावसाळ्यात भिंत ओली होऊन कपाटाच्या लोखंडी कडीला हात लागेपर्यंत छानच चाललं असतं. स्क्रू काढला, तार बदलली. मग काकांनी पुन्हा मेगर मारला आणि 110 लिहिलं. एवढ्या खटाटोपानंतर तरी 200 लिहायला हवं होतं, असं ठेकेदारांना वाटलं असावं. पण ते बोलले नाहीत.

याचा पुढे रीतसर दोषनोंद फॉर्म भरावा लागला. मूळ कारण : सुतार. पुन्हा घडू नये म्हणून केलेली उपाययोजना : सुताराला समज दिली. सुताराची सही : अंगठा.

आणि सांगायचं म्हणजे, त्या इमारतीच्या जाडजूड फायलीत विश्वास ठेवावा असं ते एकच पान होतं. खरं रीडिंग ओबडधोबड असतं. एकाला 85, शेजारच्याला 140, असं त्याचं चालतं. सगळे आकडे गोल आले की समजावं, मेगर दुसऱ्या साइटवर होता.

न मोजता आकडे लिहिण्याच्या या कलेची पूर्ण बहार बघायची तर गणपतीत. मंडप म्हटला की महापालिकेची परवानगी, पोलिसांची परवानगी, तात्पुरतं वीज कनेक्शन आणि त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. महावितरण दरवर्षी गणपतीच्या तोंडावर आवाहन करतं की अधिकृत जोडणी घ्या, काम परवानाधारकाकडूनच करून घ्या, अर्थिंग नीट करा, जोडांवर टेप लावा. मंडळाचे कार्यकर्ते हे आवाहन वाचतात आणि अर्जाबरोबर टेस्ट रिपोर्ट जोडतातही. फक्त अर्ज दिला तेव्हा मंडपाचा एक बांबूही आलेला नसतो. मंडप उभा राहतो चतुर्थीच्या दोन दिवस आधी, रोषणाईची माळ चढते आदल्या रात्री आणि वायरिंग मात्र पंधरा दिवसांपूर्वीच पास झालेलं असतं. आकडे तेच. 200, 200, 200, अर्थ 0.9. पुढे पाऊस येतो. लोखंडी पाइपांवरून गेलेल्या वायरीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो, आणि अध्यक्ष सांगतात, ‘‘बाप्पा आहे की.’’ बाप्पाच्या नावावर परवाना नाही, ही त्यातली अडचण.

कुणाला वाटेल, एवढं काय त्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी 10,000 हून अधिक माणसं गेल्याची नोंद असते. 1956 चे नियम गेले, 2010 चे आले, तेही जाऊन 2023 चे आले. प्रत्येक वेळी पानं वाढली. 500 व्होल्ट आणि एक मिनिट मात्र नियमांतून गेलं नाही, आणि ते एक मिनिट देणं काही अशक्यही नाही. त्या काकांनी प्रत्येक सर्किटला दिलं आणि तरी त्यांची लोकल चुकली नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. दारामागचा डीबी उघडा. त्यात ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला आरसीसीबी आहे का बघा. नुसत्या एमसीबींची रांग असेल तर तो नाही. मग तो बसवून घ्या. घरात बहुतेकदा तो 30 मिलिअँपिअरचा असतो. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा 260 मिलिअँपिअर घ्यायचा, त्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी वीज वाट चुकून अंगातून जमिनीत निघाली की यानं घर बंद करायचं. ते बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. रिपोर्टात ‘दाबले, ट्रिप झाले’ असं लिहिलेलं असलं तरी दाबा, कारण बऱ्याचदा ते दाबायच्या वेळी आत कुणाची तरी मालिका चालू असते आणि आतून आवाज येतो, ‘‘आत्ता नको!’’ मालिका संपू द्या, मग दाबा. घरात अंधार झाला तर अभिनंदन. नाही झाला, तर उद्या सकाळी परवानाधारक वायरमनला बोलवा, येताना मेगर घेऊन ये म्हणून सांगा, आणि तो येईपर्यंत गिझर बंद ठेवा.